दुसऱ्या खातेदाराची सही

बँकेतल्या साहेबांनी खातं बंद करायचा अर्ज फिरवून तिच्यासमोर ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकानं खालची उजवीकडची सही दाखवली.

"ही जुळत नाही, बाई."

तिनं चष्मा वर सारला आणि वाकून पाहिलं. डावीकडची सही तिची होती, ती ठीक होती. उजवीकडची नवऱ्याची. साहेबांनी संगणकाचा पडदाही तिच्याकडे वळवला. पडद्यावर त्याची जुनी सही होती. पहिलं अक्षर ऐसपैस, पुढची त्याच्या आडोशाला बसल्यासारखी, आणि शेवटी मागे फिरून सगळ्या नावाखालून गेलेली लांब रेघ. अर्जावरची सही बुटकी होती. अक्षरं एकमेकांशी अबोला धरल्यासारखी, आणि रेघ निम्म्या वाटेतच संपलेली.

"कुरिअरनं आला का हा कागद?"

"हो. मी पाठवला, त्यांनी सही करून परत पाठवला."

"मग त्यांना स्वतः यावं लागेल. ओव्हरड्राफ्ट दोघांच्या नावावर, तारण ठेवलेलं दुकान दोघांच्या नावावर. ती दुसरी बँक उद्या सगळी रक्कम भरायला तयार असली, तरी दुकानाचे कागद मी असल्या सहीवर सोडू शकत नाही. माझी नोकरी जाईल."

"ते लांब राहतात."

"ठाऊक आहे. पैसे तिकडूनच येतात ना दर महिन्याला." साहेबांनी पेन्सिल कानामागे खोचली. ते या शाखेत इतके मुरलेले होते, की खातेदारांच्या घरात काय शिजतं ते त्यांना न विचारता कळायचं आणि कळलं तरी ते विचारायचे नाहीत. "तसं बाई, एवढी घाई कसली? इतकी वर्षं आमच्याकडे आहात. व्याजाचं मी वर लिहून बघतो. पाव टक्का तरी सोडतील."

"ती बँक दीड टक्का सोडतेय, साहेब."

त्यांनी अर्ज पाकिटात घालून परत दिला.

बँकेच्या पायऱ्या उतरताना तिला चीड यायला हवी होती. एक पूर्ण सकाळ वाया गेली होती, दुकान बंद होतं, आणि आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण शेवटच्या पायरीवर ती उगाचच थांबली. तिनं पाकिटातून अर्ज काढून सही पुन्हा एकदा पाहिली. ही सही तिनं बिलांवर, चलनांवर, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती. तापानं फणफणला असतानाही तो तीच सही करायचा, रेघेसकट. त्याच्या हातून ती चुकणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्यानं ती चुकवली होती.

ती दुकानाकडे निघाली तेव्हा तिची चाल थोडी बदलली होती.

दुकान काचेचं होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, तसबिरींच्या काचा, टेबलांवर टाकायच्या जाड काचा. लग्नानंतर दोघांनी मिळून ते उभं केलं. तो कापायचा, ती धरायची. मोजमाप, हिशेब, गिऱ्हाईक हे तिच्याकडे. कटर आणि बोलणं त्याच्याकडे. बोलणं त्याच्याकडे होतं, हेच पुढे नडलं. एका मोठ्या हॉटेलची सगळी काच त्यानं शब्दावर दिली. माल आणायला बँकेचा ओव्हरड्राफ्ट होताच. खात्यात नसलेला पैसाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायची ती सोय त्यानं तळापर्यंत वापरली, आणि हॉटेलवाल्यानं हात वर केले. इमारत आजही अर्धवट उभी होती. तिच्या वरच्या मजल्यांवरच्या काचा संध्याकाळी चमकायच्या, आणि तिला त्या रस्त्यानं जायचं नसायचं.

भांडण असं झालंच नाही. ती फक्त एकदा, दिवाबत्तीच्या वेळेला, बँकेचा कागद हातात धरून म्हणाली होती, "तू नसतास, तर हे दुकान नीट चाललं असतं."

तो शब्द त्याच्या जिव्हारी लागला हे तिला त्याच वेळी कळलं होतं. मागे घ्यायला हवा होता. पण ती दमलेली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिला तसं वाटतही होतं. आठवडाभरानं तो म्हणाला, तिकडे एका काचेच्या कारखान्यात काम मिळतंय, पगार बरा आहे, कर्ज तरी फिटेल. ती म्हणाली, बघ बाबा. आणि तो गेला. नंतर फोन आधी कोणी करायचा यातच चार वर्षं निघून गेली. मुलगी दोघांशी वेगवेगळी बोलायची आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची नाही. तसं तिनं दोघांनाही बजावून ठेवलं होतं.

मात्र दर महिन्याच्या एक तारखेला त्याचे पैसे त्या खात्यात पडायचे. तिच्या फोनवर बँकेचा निरोप वाजायचा. व्याज दुकानातून जायचं, मुद्दल त्याच्या पैशांनी कणाकणानं उतरायचं. निरोपात त्याचं नाव नसायचं, नुसती रक्कम. ती तो निरोप वाचायची आणि मनात म्हणायची, बरा आहे. मग महिनाभर त्यावर निभायचं.

या वर्षी बँकेनं व्याज वाढवलं, आणि नेमकी तेव्हाच नव्या बँकेतली मुलगी दुकानात आली. चुणचुणीत होती, आरशात स्वतःचे केस नीट करत बोलायची. "आम्ही तुमचा अख्खा ओव्हरड्राफ्ट उचलतो, काकू. जुन्या बँकेला परस्पर पैसे भरतो. आणि काका इथं राहत नाहीत ना? मग नवं खातं तुमच्या एकटीच्याच नावावर करू. कागद निम्मे होतील."

स्वतःच्या मुलीला फोनवर विचारलं, तर तिचंही तेच मत पडलं. "कर गं आई. बाबांनाही एकदाचं मोकळं कर. किती दिवस ते तिकडे राबणार?"

मोकळं कर. त्या दोन शब्दांनी ती तयार झाली. त्याला मोकळं व्हायचंच असणार. त्यानं न विचारता, सोबत चिठ्ठीसुद्धा न घालता, सही करून कागद पाठवला, तेव्हा तिला ते पटलंही होतं.

आणि आता ही अशी सही.

तिनं फोन केला. तिकडे यंत्राचा आवाज होता, मग दार लागल्याचा, मग शांतता.

"बोल," तो म्हणाला.

चारचौघांत ती त्याला तुम्ही म्हणायची आणि घरात तू. आता घरात की चारचौघांत, तिला कळेना. "सही जुळत नाही म्हणतात. तुम्हाला यावं लागेल."

त्या 'तुम्हाला'नंतर तिकडून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"येतो. गुरुवारी सुट्टी काढतो."

गुरुवारी तिनं दुकानाचा दर्शनी आरसा पुसला. पुसताना स्वतःकडे बघायचं टाळलं, तरी डोक्यावरचा पांढरा पट्टा दिसलाच. मग बँकेत जाऊन ती बाकड्यावर बसून राहिली. तो आला तो एखाद्या परक्या गावात आल्यासारखा, दारावरची पाटी वाचत. बारीक झाला होता. शर्टाला इस्त्री होती, पण कॉलर एका बाजूला दुमडलेली. तिचा हात उठला आणि पदराशी जाऊन थांबला.

"जेवलात?"

"गाडीत खाल्लं."

साहेबांनी दोघांना समोर बसवलं, ओळखपत्र पाहिलं आणि कोरा कागद पुढे केला. "तीनदा करा. सावकाश."

त्यानं पेन उचललं, आणि तिला दिसलं. पेन त्यानं अंगठा आणि मधल्या बोटात धरलं होतं. तर्जनी सरळ होती. तिच्या मुळापासून तळव्यात एक फिकट व्रण उतरला होता, आणि ते बोट वाकत नव्हतं. तो एकेक अक्षर काढत होता, पाटीवर गिरवावं तसं. पहिलं अक्षर बुटकं आलं. शेवटची रेघ मागे वळली, अर्ध्यावर आली आणि तिथंच राहिली. त्यानं दुसऱ्यांदा केली. तशीच आली. तिसऱ्यांदाही.

तो सही चुकवत नव्हता. त्याला ती येतच नव्हती.

इतके दिवस एका बुटक्या सहीवर तिनं मनात काय काय रचलं होतं! रात्री उशाशी अर्ज ठेवून हसलीसुद्धा होती. आणि इथं त्याचा हात गेला होता.

"कधी झालं हे?" तिनं विचारलं.

"झाली दोन वर्षं. मोठी काच होती. सटकली."

"कळवलं नाहीत."

"काय कळवायचं." तो पेन खाली ठेवून बोट चोळत म्हणाला. "काम सुटलं नाही. आता गोदामाकडे असतो. माल मोजून घेतो."

दोन वर्षं. म्हणजे त्या दिवसांतही पैसे आले होते. एक तारीख एकदाही चुकली नव्हती. तिनं निरोप वाचला होता आणि बरा आहे म्हणून फोन गल्ल्यात टाकला होता.

साहेब खाकरले. "हरकत नाही. आपण नवी सही नोंदवू. मोठ्या साहेबांची मंजुरी लागेल, ते जेवणानंतर येतील. आधी कधी असं झालं होतं का? दुसऱ्या कुठल्या बँकेत?"

"झालं होतं. आमच्या पगाराच्या बँकेत. गेल्या वर्षी त्यांनी माझे दोन धनादेश परत केले. मग तिथं नवी सही दिली."

"मग तुम्ही अर्जासोबत तसं लिहून पाठवायचं ना. खेप वाचली असती तुमची."

तो भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघत राहिला, कोणीतरी ते तिरकं बसवलं होतं. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी. अर्ज तर तिनं गेल्या महिन्यात पाठवला होता. ही सही जुळणार नाही हे ठाऊक असताना त्यानं ती केली होती, पाकीट चिकटवलं होतं, आणि वर एक ओळही लिहिली नव्हती.

"राहून गेलं," तो शेवटी साहेबांना म्हणाला.

मोठे साहेब येईपर्यंत बँकेत बसून काय करायचं म्हणून दोघं दुकानात आले. तो उंबऱ्याबाहेर गिऱ्हाईकासारखा उभा राहिला. तिनं आतून खुर्ची पुढे केली, तेव्हा आत आला. टेबलावरचं जुनं कांबळं बदललं होतं, ते त्यानं तळव्यानं चाचपून पाहिलं. उभ्या काचांच्या रांगांमधून नजर फिरवली.

"आरसे कमी ठेवतेस."

"कोणी घेत नाही. सगळे तयार फ्रेमचे आणतात."

तेवढ्यात समोरच्या लाँड्रीवाल्या बाई आपल्या तीन फुटक्या खिडक्यांपैकी एकीच्या तावदानाचं माप घेऊन आल्या. त्याला पाहून त्या दचकल्या, पण शहाण्या होत्या. माप टेबलावर ठेवून, संध्याकाळी येते म्हणून निघून गेल्या.

तिनं काच काढून टेबलावर आडवी घातली. तो सवयीनं उठला, कटर उचलला, चाक तेलात बुडवलं. पट्टीशी लावून त्यानं पहिली वीतभर रेघ ओढली. कटर बोटांतून तिरका झाला आणि काचेवर कर्रकन ओरखडा उठला. तो थांबला. कटर त्यानं टेबलावर ठेवला, त्याची मूठ तिच्या बाजूला येईल असा.

"तू काप," तो म्हणाला. "मी धरतो."

तिनं दुसरी काच घेतली. चार वर्षांत ती कापायला शिकली होती, गरजेपोटी, शेकडो तुकडे कचऱ्यात टाकून. तो दोन्ही तळव्यांनी पट्टी दाबून उभा राहिला. तिनं एका दमात रेघ मारली, काच कडेवर सरकवली आणि वरून हलकेच दाबलं. टक असा आवाज झाला आणि काच रेघेवर सरळ सुटली. त्यानं सुटलेला तुकडा उजेडात धरून कड पाहिली. त्याची नजर कडेवरून हलेना.

"छान कापतेस."

"नसतास, तर नीट चाललं असतं, असं म्हणाले होते ना मी," ती काचेवरची पूड फडक्यानं झटकत म्हणाली. "चाललं. पण नीट नाही."

त्यानं तुकडा भिंतीला टेकवून ठेवला. तो पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्राची घडी सारली. बराच वेळ ती घडी सारखी करत बसला.

"बोट दाखव," ती म्हणाली.

त्यानं हात टेबलावर ठेवला. तिनं तो व्रण पाहिला. टाके आडवेतिडवे पडले होते, घाईनं कोणीतरी घातलेले. तिनं बोट वाकवून पाहिलं, ते निम्म्यापर्यंत आलं आणि अडलं.

"दुखतं?"

"थंडीत."

दुपारनंतर सगळं भराभर झालं. मोठ्या साहेबांनी नवी सही मंजूर केली, नव्या बँकेतली मुलगी आपली रक्कम भरल्याचा कागद घेऊन हजर झाली, आणि साहेबांनी जुन्या खात्यावर बंदचा शिक्का मारला. मारताना ते म्हणाले, "आमची आठवण ठेवा," आणि दोघांपैकी कोणाकडे बघून म्हणावं हे न सुचल्यानं पेपरवेटकडे बघून म्हणाले. दुकानाचे कागद तिच्या हातात आले आणि तिथूनच त्या मुलीच्या फाइलमध्ये गेले. कर्ज तेवढंच होतं, फक्त दार बदललं होतं. नव्या दारावर एकच नाव होतं.

ती त्याला बसस्टँडवर सोडायला गेली. फलाटावर गर्दी नव्हती. दोघं उभेच राहिले, बाक मोकळं असून.

"नव्या खात्याचा नंबर पाठवून ठेव," तो म्हणाला.

"कशाला? तुझं नाव नाही आता त्यात."

"नसू दे."

"तुला काही देणं लागत नाही. मोकळा झालास तू."

"हो, तो शिक्का बघितला मी." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "एक तारीख आली की दुपारच्या सुट्टीत बँकेत जातो. आता त्या सुट्टीत काय करू?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. बस वळून फलाटाला लागली, लोक उतरू लागले. एक म्हातारी पायरीवर अडखळली, त्यानं तिला हात दिला, डावा.

"नंबर नाही पाठवणार," ती म्हणाली.

तो वळला. "मग?"

"आणून देत जा."

"एक तारखेला सुट्टी नसते मला."

"असेल तेव्हा."

"रविवारी असते. रविवारी बँका बंद."

"बँकेत कोण सांगतंय."

वाहकानं हाक दिली. तो चढला, दारात क्षणभर थांबला, काहीतरी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात तिला ते ऐकू आलं नाही. जागा त्याला पलीकडच्या बाजूला मिळाली असावी, कारण अलीकडच्या एकाही खिडकीत तो दिसला नाही. तरी बस वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली.

परत येताना अर्ध्या वाटेत तिच्या ध्यानात आलं, की कुठला रविवार हे दोघांपैकी कोणीच ठरवलं नव्हतं. तिनं फोन काढला, त्याच्या नावापर्यंत गेली, आणि फोन पुन्हा पर्समध्ये टाकला. लाँड्रीवाल्या बाई तावदानासाठी दुकानाच्या दाराशी उभ्या होत्या.

"बाई, उरलेल्या दोन खिडक्यांचं काय करू?" त्यांनी विचारलं. "तुमची रविवारी सुट्टी असते ना?"

"असायची," ती कुलूप काढत म्हणाली. "आता उघडं असेल. दर रविवारी."